जर्मनीचं ब्लू कार्ड: राजीनाम्याआधी पदवी तपासा

जर्मन कंपनीचं ऑफर लेटर आलं की बहुतेक जण आधी नोटीस पिरियड मोजायला बसतात. त्याआधी आनाबिन उघडा. परदेशी पदव्यांचा हा जर्मन डेटाबेस. ब्लू कार्डचा, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या काम आणि वास्तव्याच्या परवान्याचा, निम्मा निकाल तिथेच लागतो.

कॉलेज शोधू नका, पदवी देणारं विद्यापीठ शोधा. कॉलेज कितीही नावाजलेलं असो, प्रमाणपत्रावर ज्याचा शिक्का तेच पाहायचं. पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये बदललं, म्हणून जुनं-नवं दोन्ही टाकून बघा. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (मान्यताप्राप्त) हवं आणि पदवीपुढे ‘एंटश्प्रिश्ट’ (जर्मन पदवीशी जुळणारी) किंवा ‘ग्लाइशवेर्टिग’ (समकक्ष). ‘बेडिंग्ट फेरग्लाइशबार’, म्हणजे काही अंशीच तुल्य, असं असेल तर भागत नाही. दोन्ही पानांच्या प्रिंट फाइलला लावा. पदवी सापडलीच नाही तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं. शुल्क 208 युरो, वेळ जातो तो वेगळाच. आयटीवाल्यांना मात्र पदवीशिवायही वाट आहे: गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा तोडीचा अनुभव.

दुसरी अडचण पगाराची. 2025 मध्ये मर्यादा होती वर्षाला कर कापण्याआधीचे 48,300 युरो. आयटी, अभियांत्रिकीसारख्या तुटवड्याच्या क्षेत्रांना आणि नव्या पदवीधरांना 43,759.80. आकडा दर जानेवारीत बदलतो. करारात 45,000 पक्के आणि 4,000 कामगिरीवरचा बोनस असेल तर 45,000 च धरा. 2025 च्या मर्यादेत तुटवड्याच्या क्षेत्रात ते चालले असते, पण तिथे जर्मन सरकारच्या रोजगार संस्थेची मंजुरी लागते. एरवी अर्ज पडलाच. करार सही करण्यापूर्वी मूळ पगार वाढवून मागा, नंतर कोणी दाद देत नाही.

कंपनीने भरायचा फॉर्म म्हणजे ‘एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस’, नोकरीच्या तपशिलांचं निवेदन. (उच्चार जमला नाही तरी चालेल, लेखी मागा.) त्यातला पगार, आठवड्याचे तास आणि हुद्दा कराराशी तंतोतंत जुळले पाहिजेत. एचआर जुना फॉर्म कॉपी करतं आणि तास चुकतात. सहीआधी स्वतः ताडून बघा.

आपल्याकडचा खास घोळ नावाचा: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लग्नानंतर तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत सोबत ठेवा. प्रोव्हिजनलवर राहिलेल्यांनी मूळ पदवी प्रमाणपत्र आताच काढावं.

अर्ज ऑनलाइन भरता येतो; मूळ कागद, बोटांचे ठसे आणि 75 युरो शुल्क यांसाठी समक्ष जावं लागतं. कंपनीला घाई असेल तर ती जर्मनीतल्या परकीय नागरिक कार्यालयात 411 युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकते.

नोकरीतला आरोग्य विमा रुजू झाल्या दिवसापासूनच लागू होतो. पंधरा दिवस आधी उतरणार असाल तर मधल्या काळाचा विमा वेगळा काढा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. थोड्या दिवसांसाठी खोली देणारे बरेच जण ते देत नाहीत, त्यामुळे पैसे भरण्याआधीच विचारून घ्या.