डिस्कवर चरा पडलाय? टूथपेस्ट आणण्याआधी या चुका टाळा

"मामा, गेम ६३ टक्क्यांवर येऊन अडकतोय. डिस्कवर चरे आहेत. टूथपेस्ट लावू का?"

"नको. काहीच लावू नकोस. डबीत घाल आणि रविवारी घेऊन ये."

भाच्याशी फोनवर एवढंच बोलणं झालं. मी बरीच वर्षं जुन्या गेमच्या डिस्क जमवतोय, ओळखीच्या मुलांच्या बिघडलेल्या डिस्कही बघून देतो. नुसत्या चऱ्यामुळे कायमची गेलेली डिस्क मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. चरा पडल्यावर घाईघाईत काहीतरी लावल्यामुळे, घासल्यामुळे गेलेल्या डिस्क मात्र पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या बहुतेक वाचल्या असत्या.

दोष डिस्कचा की लेन्सचा, हे न तपासणं

गेम अडकला की नजर आधी डिस्ककडे जाते, कारण चरा डोळ्यांना दिसतो. आत डिस्क वाचणाऱ्या लेन्सवर बसलेली धूळ दिसत नाही. म्हणून काहीही पुसण्याआधी दुसरी एखादी डिस्क घालून पाहा. सगळ्याच डिस्क अडकत असतील तर बिघाड कन्सोलमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या यंत्रात आहे. एकच डिस्क अडकते आणि तीही दरवेळी त्याच जागी, म्हणजे त्याच लेव्हलच्या सुरुवातीला किंवा इन्स्टॉलच्या त्याच टक्क्याला, तर डिस्कमध्येच खोट आहे. कधी इथे, कधी तिथे, कन्सोल तापल्यावर जास्त, असं होत असेल तर लेन्स किंवा मोटर तपासून घ्या.

प्लेस्टेशन २ ज्यांच्याकडे अजून आहे त्यांच्यासाठी एक खूण. त्याचे काही गेम सीडीवर आले, त्यांची पाठ निळसर असते. बाकीचे डीव्हीडीवर आले, त्यांची पाठ चंदेरी. सीडी आणि डीव्हीडी वाचायला लागणारे लेझर वेगवेगळे असतात. निळ्या डिस्क नीट चालतात आणि चंदेरी एकही चालत नाही, असं झालं तर डिस्क घासत बसू नका. तिथे लेझर थकलेला असतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. एसीच्या गारव्यातून कन्सोल उचलून दमट खोलीत आणला की लेन्सवर बाष्प धरतं. तासभर बंद ठेवला की बरेचदा आपोआप चालू लागतो.

फक्त चकचकीत बाजू पाहणं

डिस्क १२० मिलिमीटर रुंद आणि १.२ मिलिमीटर जाड असते. जवळजवळ सगळी जाडी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची. खरी माहिती असते ती एका अतिशय पातळ थरात, आणि हा थर कुठे आहे यावर सगळं ठरतं.

सीडीत हा थर वरच्या बाजूला, चित्राच्या लगेच खाली असतो. त्यावर लाखेचा पातळ लेप आणि छपाई, बस. म्हणजे ज्या बाजूची आपण एवढी काळजी घेतो तिथे एक मिलिमीटरहून जाड प्लॅस्टिक माहितीचं रक्षण करतंय, आणि ज्या बाजूने आपण डिस्क बिनधास्त टेबलावर पालथी टाकतो तिथे जवळपास काहीच नाही. प्लेस्टेशन १ च्या एका डिस्कवर मी शाळेत असताना बॉलपेनने स्वतःचं नाव लिहिलं होतं, कुणी नेली तर ओळखता यावी म्हणून. टोकाचा दाब लाखेतून खाली गेला आणि अॅल्युमिनियमचा थर फाटला. चकचकीत बाजूला एक ओरखडा नव्हता, तरी ती पुन्हा कधी चालली नाही. ती डिस्क मी अजून टाकलेली नाही.

डीव्हीडी त्या मानाने सुरक्षित. ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि माहिती मधे असते, सँडविचमधल्या चटणीसारखी.

सीडी उजेडासमोर धरून चित्राच्या बाजूने आरपार पाहा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथला चंदेरी थर उडाला आहे. ते कुठल्याही पॉलिशने भरून येत नाहीत, तेव्हा पैसे घालवू नका. प्लेस्टेशन १ च्या काळ्या डिस्कवर ही परीक्षा तितकी उपयोगी पडत नाही, कारण ते प्लॅस्टिकच गडद आहे. तिथे चित्राच्या बाजूला पोपडे किंवा खाचा आहेत का ते पाहावं लागतं.

ब्लू-रे डिस्क घासणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्लेस्टेशन ३, ४ आणि ५, तसंच एक्सबॉक्स वन आणि त्यानंतरच्या एक्सबॉक्सच्या डिस्क ब्लू-रे प्रकारच्या आहेत. यांत माहितीचा थर वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. डीव्हीडीत हेच अंतर ०.६ आहे, सीडीत जवळजवळ १.२. एवढा पातळ पडदा टिकणार नाही म्हणून सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क प्लॅस्टिकच्या बंद कवचात घालून येत. पुढे खूप कठीण असा एक संरक्षक लेप सापडला आणि कवचाची गरज संपली. आज रोजच्या वापरात ब्लू-रेवर सहसा चरा पडत नाही तो या लेपामुळे.

टूथपेस्ट, पॉलिश, पॉलिश पेपर यांपैकी काहीही तिथे लावलं की आपण तो लेपच खरवडून काढतो. सीडीवर लेझरचा ठिपका पृष्ठभागाशी सुमारे ०.८ मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे एखादा बारीक कण किंवा रेघ त्याला फारशी अडवत नाही. ब्लू-रेवर तोच ठिपका ०.१४ मिलिमीटरच्या आसपास असतो. घासून उठलेली बारीक जाळीसुद्धा त्याला भिंतीसारखी आडवी येते.

ब्लू-रे फक्त धुवा. धुऊनही चालली नाही तर ओळखीच्या कुणाकडे दुसऱ्या कन्सोलवर घालून पाहा. एक ड्राइव्ह अडखळतो तिथे दुसरा वाचून जातो, हे मी अनेकदा पाहिलंय. प्लेस्टेशन ४ आणि ५ मध्ये गेम डिस्कवरून आतल्या साठवणीत उतरवला जातो आणि नंतर डिस्क मुख्यतः ती तुमच्याकडे आहे एवढं पटवायला लागते. तेव्हा डिस्क कशीबशी एकदा पूर्ण वाचली गेली तर तो गेम उगाच डिलीट करू नका.

गोल गोल पुसणं

चष्मा पुसावा तशी डिस्क बनियनला, टी-शर्टला, पदराला गोल फिरवत पुसायची सवय आपल्या हाताला आहे. ती मोडा.

डिस्कवरची माहिती मधल्या भोकाजवळून सुरू होऊन जिलबीच्या वेढ्यासारखी बाहेर जाते. ती लिहिताना काही जास्तीचे आकडेही गणिताने गुंफलेले असतात. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. मधला तुकडा वाचता आला नाही तर आजूबाजूच्या आकड्यांवरून तो पुन्हा उभा करता येतो. पण याला मर्यादा आहे. सीडीवर वेढ्याच्या दिशेने सलग सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा गेला तर सावरता येतो. आता मधून कडेकडे गेलेला उभा चरा घ्या: तो हजारो वेढे ओलांडतो, पण प्रत्येकाचा जेमतेम केसाएवढा भाग झाकतो. सगळं सावरलं जातं. गोल चरा मात्र त्याच वेढ्यावर सेंटीमीटर सेंटीमीटर पसरतो, आणि तिथे गणित हात टेकतं. म्हणून दिसायला भयंकर असलेली डिस्क कधी सुरळीत चालते आणि एकच गोल रेघ असलेली अडून बसते.

पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ. पण कोरडं पुसूच नका. धुळीचा कण कापडाखाली आला की तोच चरा पाडतो. आधी नळाखाली धरून सुटी धूळ वाहून जाऊ द्या. मग भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटावर घेऊन हलक्या हाताने मधून बाहेर चोळा. भांड्यांची वडी नको, तिच्यात घासणारी पूड असते. सोसायटीला बोअरचं पाणी असेल तर शेवटी फिल्टरच्या पाण्याने धुवा, जड पाण्याचे पांढरे डाग राहतात. चष्म्याबरोबर मिळतं तसलं मऊ कापड नुसतं टेकवून पाणी टिपा आणि डिस्क सावलीत उभी ठेवा.

भाच्याची डिस्क रविवारी अशीच धुतली. तो ज्यांना चरे म्हणत होता त्यांतले निम्मे बोटांचे तेलकट ठसे होते. ६३ टक्के ओलांडून गेम पुढे गेला.

सापडेल ते लावणं

टूथपेस्टचा उपाय पूर्णपणे खोटा नाही, आणि म्हणूनच तो इतका टिकला. पांढऱ्या पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, ती चऱ्याच्या कडा थोड्या गुळगुळीत करते. पण पूड किती भरड आहे हे प्रत्येक पेस्टमध्ये वेगळं. एक चरा बुजवताना शंभर नवे बारीक ओरखडे उठतात. सीडी किंवा डीव्हीडी फेकूनच द्यायची असेल तर करून पाहा, त्याआधी नाही.

व्हॅसलिन, मेण, केळं आणि केळ्याची साल हे दुसऱ्या जातीचे उपाय. ते घासत नाहीत, खाच भरतात. डिस्क आत मिनिटाला हजारो फेरे घेते. हा चिकटा उडून लेन्सवर बसला तर शंभर रुपयांच्या जुन्या डिस्कपायी कन्सोलचा खर्च निघतो.

नेलपॉलिश काढायचं द्रव आणि थिनर यांनी पॉलिकार्बोनेट विरघळतं, पांढरट होतं, तडकतं. एकदा झालं की परत येत नाही. अमोनिया असलेलं काच पुसायचं स्प्रेही नको. सॅनिटायझर घराघरात आहे म्हणून लोक तो लावतात, पण त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो. अल्कोहोलच हवं असेल तर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल घ्या, दोन थेंब पुरतात.

कुठे थांबायचं ते न कळणं

पॉलिश करताना माहिती दुरुस्त होत नाही. ती शाबूत असते. चऱ्याच्या कडेवर लेझर वाकडा होतो, आपण ती कड सपाट करतो, इतकंच. नख हलकेच आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर घरी जमण्यासारखं आहे. अडकत असेल तर यंत्राचं काम आहे.

घरी करायचं तर प्लॅस्टिकचं पॉलिश किंवा गाडीच्या रंगावर अगदी शेवटी फिरवतात ते बारीक पॉलिश घ्या. रबिंग कंपाउंड फार भरड. टेबलावर स्वच्छ मऊ कापडाची घडी घालून चित्राची बाजू त्यावर ठेवा, नाहीतर वाचायची बाजू बरी करताना चित्राची बाजू माराल. मधून कडेकडे, चऱ्याच्या भोवतीच, दहा मिनिटं. धुवा, वाळवा, लावून पाहा. चालली की थांबा. रेघ अजून दिसते म्हणून आणखी घासण्याचा मोह मला आजही होतो. डिस्क चालत असेल तर दिसणाऱ्या रेघेने काही बिघडत नाही.

डिस्क घासून देणाऱ्या यंत्रात प्लॅस्टिकचा पातळ थर काढून मग चकाकी आणतात. सीडी आणि डीव्हीडीसाठी हे उत्तम. मात्र प्रत्येक वेळी जाडी कमी होते. काम झाल्यावर डिस्क आरशासारखी दिसली पाहिजे. धुरकट असेल तर शेवटचा हात फिरवलेला नाही.

मधल्या कड्याला चीर असताना चालवणं

हे करूच नका. भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यात केसाएवढी चीर दिसली तर ती डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नका. वेगाने फिरताना ती फुटून तुकडे आत जाऊ शकतात. डबीतून कडेने ओढून काढल्यामुळे ही चीर पडते. मधलं बटण दाबायचं, डिस्क आपोआप सुटते. लहान मुलांना गेम खेळायला शिकवण्याआधी हे शिकवा.

कन्सोल हलवणं

चालू कन्सोल आडव्याचा उभा केला, साफसफाईत सरकवला, वायर ओढली गेली, की आत फिरणारी डिस्क तिरकी होऊन घासते आणि कंपासने काढल्यासारखं वर्तुळ उमटतं. एक्सबॉक्स ३६० वर असे चरे मी सर्वात जास्त पाहिले. ही खाच रुंद, खोल आणि बरोबर वेढ्याच्या दिशेने असते, म्हणून ती बहुधा यंत्रालाही दाद देत नाही. नोव्हेंबर २००८ पासून या कन्सोलवर गेम हार्ड डिस्कवर उतरवून खेळता येतो. डिस्क तरीही आत ठेवावी लागते, पण सतत फिरत नाही. ज्यांच्याकडे हार्ड डिस्क आहे त्यांनी ही सोय जरूर वापरावी. गावी किंवा मित्राकडे कन्सोल नेताना डिस्क आत ठेवून नेऊ नका.

कापडी खणांचे पाउच प्रवासाला ठीक आहेत, घरी नकोत. खणात एकदा वाळूचा कण शिरला की डिस्क आत-बाहेर होताना दरवेळी रेघ ओढली जाते.

जुनी डिस्क न पाहता घेणं

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जुनी डिस्क पाहायला मिळाली तर दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहून समाधान मानू नका. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि डिस्क हळूहळू फिरवा. उभे चरे मी सहज मान्य करतो. गोल चरा दिसला की भाव निम्मा म्हणतो. कड्याला चीर किंवा चित्राच्या बाजूला उडालेला पोपडा असेल तर फुकटही घेत नाही. ब्लू-रेवर धुरकट पट्टा दिसला तर कुणीतरी ती आधीच घासली आहे. दुकानात कन्सोल जोडलेला असेल तर लावून दाखवा म्हणा, आणि मेनू दिसल्यावर लगेच हो म्हणू नका. पहिली लेव्हल सुरू होईपर्यंत उभे राहा.