टॅप डान्स: या चुका टाळा आणि पिशवीत स्क्रू ड्रायव्हर ठेवा

न्यू जर्सीत आल्यावर, चाळिशी ओलांडून मी टॅप शिकायला लागले. त्याआधी पुण्यात सात वर्षं कथक केलेलं, त्यामुळे पायांच्या बाबतीत आपल्याला कोण काय शिकवणार, असा माझा समज होता. पहिल्या तासालाच तो उतरला. आता आमच्या गावातल्या ग्रुपमध्ये नवख्यांच्या वर्कशॉपला मी मदत करते आणि वर्षाच्या कार्यक्रमाला मंच अंथरण्याचं काम माझ्याकडे असतं. माणसं दरवर्षी नवी येतात, चुका मात्र त्याच घेऊन येतात.

सगळ्यात मोठी चूक जमिनीची. टॅपचा बूट, तळाला स्क्रूने बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांचा, हे अर्धंच वाद्य आहे, उरलेलं अर्धं म्हणजे खालची फळी. ढोलकीला ओलं फडकं गुंडाळून कोणी बैठकीला बसत नाही, पण टॅपवाले गालिच्यावर नाचायला सहज तयार होतात.

आमचा कार्यक्रम मेमध्ये, २५ तारखेच्या आसपास असतो. नामवंत टॅप नर्तक बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सनचा जन्म २५ मे १८७८चा, आणि १९८९पासून अमेरिकेत तो दिवस टॅपचा राष्ट्रीय दिवस मानला जातो. एका वर्षी स्वस्तात सभागृह मिळालं. काँक्रीटची जमीन, त्यावर गालिचा. ‘प्लायवूड टाकू की!’ असं एकाने म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, माझ्यासकट. आठ बाय चारचे सहा तक्ते आणले, तेही पाव इंची, कारण उचलायला हलके. सोळा बाय बाराचा मंच झाला. सांध्यांवर घरातली चंदेरी टेप मारली. त्यावर एकदा नाचून बघायला कोणालाच वेळ नव्हता.

पहिल्याच नाचात आठ जणी कोपऱ्यातून तिरक्या फ्लॅप (चवडा पुढे घासून पाऊल टेकवायचं) करत निघाल्या. आवाज आला भिजलेल्या पुठ्ठ्याचा. चौथ्या ओळीपर्यंत तक्ते गालिच्यावर सरकले, टेप फाटली, बोटभर फट पडली आणि माझ्या पुढचीच्या चवड्याची पट्टी त्यात अडकली. ती बसली ती बसलीच. लोकांना वाटलं नाचातलंच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्री अकरापर्यंत आम्ही गालिच्यावरचा डिंक खरवडत होतो. अनामत रक्कम गेलीच.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी: खाली व्यायामाचे फोमचे चौकोन, त्यावर पाऊण इंची प्लायवूड, सगळ्यात वर गुळगुळीत हार्डबोर्ड. गवंडी विटांचे सांधे चुकवतो तसे दोन थरांचे सांधे चुकवायचे. टेप नाटकवाल्यांची, कापडी गॅफर टेप. ती डिंक सोडत नाही. मग मोजे घालून सगळा मंच चालून बघायचा. वर आलेला स्क्रू डोळ्यांआधी तळव्याला कळतो. आणि काँक्रीटवर थेट बसवलेल्या फरशीवर कोणी नाचायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. आवाज छान येतो, मान्य. आठवड्याने नडग्या बोलायला लागतात.

दुसरी चूक घाईची, आणि इथे माझा तोल सुटतो. गेल्या वर्कशॉपला एक तरुण आला. व्हिडिओ बघून शिकलेला, तिसऱ्याच आठवड्यात ‘विंग्ज’सारख्या अवघड उड्या मारणारा. आमच्या बाईंनी त्याला फक्त शफल करायला सांगितलं, तेही संथ. शफल म्हणजे चवडा पुढे घासायचा आणि मागे ओढायचा, आवाज दोन. त्याचा येत होता एक. फ्लॅपचेही दोन हवेत, तिथेही एकच थप. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त लय अजून उतरवली. दहा मिनिटांनी घामाघूम होऊन तो म्हणाला, ‘हे तर जास्त अवघड आहे.’ पुढच्या रविवारी आला नाही. येईल, असे दोन वर्षांनी येतात.

माझा उपाय कथकातलाच आहे: पढंत. जे तोंडाने म्हणता येत नाही ते पायाने निघत नाही. आधी एकपट, मग दुगुन. पण कथकवाल्यांसाठी इथे एक वेगळा खड्डा आहे, मी त्यात वर्षभर होते. आपले बोल मात्रेत समान वाटून पडतात. जॅझच्या स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग समान नसतात. ढोबळमानाने तिश्र जाती धरा, तीनपैकी पहिला आणि तिसरा वाजवा, मधला गिळा. हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बाईंचं ‘टू स्ट्रेट, टू स्ट्रेट’ इतके महिने ऐकावं लागलं नसतं. दुसरी खोड टाच आपटण्याची. तत्कारात, म्हणजे कथकच्या पदन्यासात, सपाट पाऊल लागतं. टॅपमध्ये वजन चवड्यावर आणि घोटा सैल. कथकचे पंडित चित्रेश दास आणि टॅपचे जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी कथक आणि टॅप एका मंचावर आणलं ते पाहिलंत, तर दोन्हींचं वजन कुठे पडतं ते समोरासमोर दिसतं.

पारंपरिक टाइम स्टेप, म्हणजे लय धरून ठेवणारी ठरीव पदरचना, एकवर सुरू करू नका. ती आधीच्या आठवर उचलतात, मुखडा समेआधी उचलतात तशी.

स्क्रू. पट्टीचे स्क्रू नाचता नाचता सैल होतात, हे कोणालाच खरं वाटत नाही, निखळलेली पट्टी प्रेक्षकांत जाईपर्यंत. दर तासाआधी बोट फिरवून बघा. पण करकचून आवळूही नका, थोडी सैल पट्टी जास्त बोलते. किती सैल, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी पाव फेरा सोडते. डोकं वर राहिलेला स्क्रू दुसऱ्याच्या लाकडी जमिनीवर रेघ ओढतो आणि त्याचं बिल येतं.

शिक्षक बोलत असताना पाय वाजवू नका. मोठी माणसंसुद्धा करतात, आणि आपण करतोय हे त्यांना कळतही नाही.

जॅममध्ये, म्हणजे आळीपाळीने उत्स्फूर्त नाचण्याच्या बैठकीत, चार-चार बारची देवाणघेवाण चालते, म्हणजे सोळा मात्रा. सवाल-जवाबच तो. सतराव्या मात्रेवर अजून तुम्हीच नाचत असाल तर तुम्ही पुढच्याचं ताट ओढताय. थोडक्यात संपवा, एखादी मात्रा रिकामी सोडा.

निवेदकाचा माइक पायांपाशी धरून भागत नाही. मंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगतचे चपटे माइक फोमच्या तुकड्यावर ठेवा आणि गाण्याचा आवाज कमी करा. पाय ऐकू येत नसतील तर लोकांनी यायचं कशाला?

मुलांना ‘पुढच्या वर्षी होतील’ म्हणून एक नंबर मोठे बूट घेऊ नका. आपली आईबाबांची काटकसर मला समजते. पण बूट आत हलला की टाच उशिरा वाजते आणि मूल बिचारं स्वतःला बेताल समजतं.

शिम शॅम मात्र येण्याआधी पाठ करून या. लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस बसवलेला हा नाच शेवटी सगळे मिळून करतात. नवखे पायऱ्या शिकून येतात, ब्रेक शिकत नाहीत. मग चाळीस जण एकदम थांबतात आणि त्या शांततेत एकाचाच बूट वाजतो. मागच्या मेमध्ये तो माझा होता.