रेन गार्डन करायचंय? आधी खड्डा भरून पाहा

छपरांवरचं, अंगणातलं, रस्त्यावरचं पाणी वस्तीच्या खालच्या अंगाला धावतं आणि जाताना तिथल्या शेताची माती घेऊन जातं. ते वाटेतच जिरवण्यासाठी रेन गार्डन, म्हणजे झाडं लावलेला खोलगट वाफा, चांगला उपयोगी पडतो. खोदाई मोठा पाऊस लागायच्या आत उरका. चिखलात फावडं चाललं की तळ घट्ट होतो आणि पाणी मुरेनासं होतं.

खरा वेळ जागा निवडण्यात घालवा. दरवर्षी डबकं साचतं तीच जागा बहुतेकांना योग्य वाटते. पण तिथे पाणी मुरत नाही, म्हणून तर साचतं! त्याच्या वर, उतारावर जागा बघा. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा तासाला इंचभर पाणी उतरलं तर उत्तम. अर्धा इंचही उतरलं नाही तर दुसरीकडे खणून पाहा. भारी काळ्या जमिनीत असं बऱ्याचदा होतं आणि वरून वाळू पसरून ते सुधारत नाही. घराच्या पायापासून निदान १० फूट लांब राहा. शोषखड्डा, विहीर, मोठ्या झाडाची मुळं हेही टाळा. गोठ्याचं किंवा गाड्या धुतल्याचं पाणी यात सोडू नका.

आकाराचा हिशोब सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे २,५०० लिटर पाणी. १५ सेंटिमीटर खोल, १५ चौरस मीटरच्या वाफ्यात जवळपास २,२०० लिटर मावतं; उरलेलं पाऊस चालू असतानाच मुरत जातं. तळ सपाट हवा, नाहीतर सगळं पाणी एका कोपऱ्यात जमतं. निघालेल्या मातीचा बांध खालच्या बाजूला घाला आणि त्याला जादा पाणी बाहेर जायला दगडांचा सांडवा ठेवा. सांडव्याचं पाणी शेजाऱ्याच्या दारात जाणार नाही, हे आधीच बघा. शेजारी तयार असतील तर उताराच्या वरच्या घरापासून सुरुवात करा, म्हणजे खालच्यांवरचा भार आपोआप हलका होतो.

तळाला वाळा, कर्दळ. कडेला गवती चहा. दलदलीतली झाडं नकोत, कारण हा वाफा बहुतेक काळ कोरडाच असतो. रासायनिक खताची गरज नाही. पहिल्या वर्षी तण मात्र नेमाने काढा.

डासांची भीती अनेकांना वाटते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो आणि चांगला वाफा एक-दोन दिवसांत रिकामा होतो. तिसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तळावर बसलेला गाळ वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल सुकून माती मोकळी झाल्यावर, खरवडून काढा.