अंगणातलं ड्राइव्ह-इन
ड्राइव्ह-इन म्हणजे गाडीत बसून मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायची उघडी जागा; ती घरच्या अंगणातही करता येते. मी वर्षानुवर्षं प्रोजेक्टर चालवला, म्हणून आधी पडद्याचं सांगतो. जाड पांढरी चादर चारही कडांनी ताणून बांधा. एक सुरकुती राहिली तरी नटाचा चेहरा वाकडा दिसतो. अंधार पुरता पडू द्या.

रिचर्ड हॉलिंगशेडनं ६ जून १९३३ला न्यू जर्सीत पहिलं ड्राइव्ह-इन उघडलं. त्याआधी त्यानं घरच्या अंगणातच झाडांना पडदा ठोकून, प्रोजेक्टर गाडीच्या बॉनेटवर ठेवून प्रयोग केले. मागच्या गाड्यांतल्यांनाही दिसावं म्हणून गाड्यांच्या पुढच्या चाकांखाली ठोकळे घातले. तुम्हीही घाला, हँडब्रेक ओढूनच. आवाज पडद्यामागून येऊ द्या.

मध्ये दोन मिनिटं सगळं थांबवा. एकाच प्रोजेक्टरवर रीळ बदलताना असंच थांबायचं, आणि त्या अंधारात शेजारच्यांशी झालेल्या गप्पा मला अजून आठवतात.