एआयला अनस्प्लॅश जोडताय?

क्लॉडसारख्या एआय असिस्टंटला अनस्प्लॅश या फोटोंच्या साइटवरचे फोटो शोधता यावेत म्हणून एमसीपी सर्व्हर (असिस्टंटला बाहेरच्या सेवेशी जोडणारा प्रोग्रॅम) लागतो, आणि अनस्प्लॅशच्या डेव्हलपर खात्यातली ॲक्सेस की, म्हणजे तुमची ओळख पटवणारा गुप्त कोड. ही की चॅटमध्ये पेस्ट करू नका. सर्व्हरच्या सेटिंगमध्येच ठेवा. की डेमो मोडमध्ये असेल तर तासाला 50च रिक्वेस्ट (साइटकडे केलेल्या मागण्या) मिळतात. तेव्हा ‘छान फोटो दे’ असं मोघम बोलून त्या उधळण्यापेक्षा नेमकं सांगा: आडवा फोटो, पावसातला घाटरस्ता, पाचच पर्याय. शोधशब्द मात्र असिस्टंटला इंग्रजीत टाकायला लावा, मराठीत फारसं हाती लागत नाही. प्रत्येक फोटोसोबत फोटोग्राफरचं नाव आणि लिंक मागून घ्या, अनस्प्लॅशच्या एपीआयची (प्रोग्रॅमना फोटो पुरवणाऱ्या सेवेची) ती अटच आहे. असिस्टंट कधीकधी लिंक बिनदिक्कत मनाने रचतो. उघडून बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका.