ओपिऑइड, वार आणि बाळ: आधी वेळ विचारा

नवजात विभागात नव्याने येणाऱ्यांना एवढं पाठ असतंच: ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं) चरबीत विरघळतात, बहुतेकांचे रेणू 500 डाल्टनहून हलके असतात, म्हणून ते वार, म्हणजे आई आणि बाळाच्या रक्तामधला अवयव (प्लासेंटा), ओलांडतात. बरोबर आहे. या ओळीवर लेखी परीक्षा निघून जाते. वॉर्डात मात्र ‘औषध पोचलं का’ हा प्रश्नच नसतो, पोचलेलंच असतं. कधी पोचलं, परत किती गेलं आणि बाळाकडे किती काळ राहिलं, ते शोधायचं असतं.

माझी गाडी अडली ती गुणोत्तरांच्या तक्त्यावर. बाळाच्या रक्तातली पातळी भागिले आईची पातळी. प्रत्येक औषधापुढे एक आकडा, आणि तो त्या औषधाचा कायमचा गुणधर्म आहे असंच वाटत राहतं. खरं तर तो नमुना घेतला त्या क्षणापुरता असतो. उदाहरणार्थ पेथिडीन हे ओपिऑइड. कळा चालू असताना आईला स्नायूत इंजेक्शन दिलं आणि तासाभरात बाळ झालं, तर त्याच्यापर्यंत फारसं पोचलेलं नसतं. दोन-तीन तासांनी झालं, तर श्वास मंदावण्याची भीती सर्वांत जास्त. तोवर आईची पातळी उतरायला लागते, बाळाची मात्र तितक्या वेगाने उतरत नाही आणि गुणोत्तर एकच्या वर जातं.

का? बाळाच्या रक्ताचा पीएच आईपेक्षा साधारण 0.1 ने कमी असतो. पेथिडीन सौम्य अल्कली. थोड्या आम्लाकडे झुकलेल्या रक्तात त्याचे जास्त रेणू विद्युतभारित होतात, आणि भारित रेणूला पडदा सहजी ओलांडता येत नाही. आत यायला दार उघडं, परतताना बंद. बाळ आधीच गुदमरलेलं असेल, रक्त आणखी आम्लधर्मी झालं असेल, तर अडकणंही वाढतं. म्हणजे ज्याला हे औषध सर्वांत कमी सोसणार, त्याच्याच अंगात ते जास्त साठतं. हा परिच्छेद पुन्हा वाचा, खरंच.

त्यात बाळाचं यकृत कच्चं. पेथिडीनचं अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) आईत तीन-चार तास, नवजातात 13 ते 23. त्यापासून बनणारं नॉरपेथिडीन तर बाळात 60 तासांच्याही पुढे रेंगाळतं. म्हणून दुसऱ्या दिवशीही बाळ सुस्त, नीट ओढत नाही, असं दिसू शकतं. याउलट रेमिफेंटानिल हे दुसरं ओपिऑइड झटकन पलीकडे जातं, पण रक्तातली आणि ऊतींमधली एस्टरेज विकरं त्याला तितक्याच झटकन मोडतात. तेव्हा ‘लवकर ओलांडतं’ एवढ्यावरून घाबरू नका.

गरोदरपणात आईने दीर्घकाळ ओपिऑइड घेतलं असेल तर सगळं उलटतं. नाळ कापली की पुरवठा तुटतो आणि त्रास औषध उतरल्यावर सुरू होतो. हेरॉईननंतर बहुधा 24 तासांत, मेथाडोननंतर (व्यसनाच्या उपचारात देतात ते ओपिऑइड) 48 ते 72 तासांत. थरथर, कर्कश रडणं, जुलाब, झोप नाही. आईच्या मेथाडोनच्या डोसवरून तीव्रतेचा अंदाज बांधू नका, तो भरवशाचा नसतो.

या लक्षणांची तीव्रता मोजणारे फिनेगनचे गुण 1975 पासून वापरात आहेत, पण ते द्यायचे कसे हे जुन्या सिस्टरकडूनच शिकावं. बाळ भुकेने रडत असेल तर आधी पाजा, मग गुण द्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट: ओपिऑइडवर अवलंबून असलेल्या आईच्या बाळाला नॅलोक्झोन (ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध) देऊ नका. झटके येऊ शकतात. श्वास कमी पडतोय? मास्कने द्या.

धास्तावू नका, हा त्रास आटोक्यात येतो. अनेक बाळं मंद उजेड, आईच्या अंगाशी धरणं आणि थोडं थोडं पाजणं एवढ्यावर शांत होतात, उरलेल्यांना मॉर्फिन. आईचा उपचार स्थिर असेल आणि दुसरी अडचण नसेल तर स्तनपान चालू द्या. ओपिऑइड घेणाऱ्या गरोदर बाईला ‘आजपासून बंद’ असं कुणी सांगत असेल तर तिथेच थांबवा. अचानक तोडणं गर्भालाही धोक्याचं. त्याऐवजी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन. 2010 च्या एका मोठ्या चाचणीत ब्युप्रेनॉर्फिनवाल्या मातांची बाळं सरासरी 10 दिवस रुग्णालयात राहिली, मेथाडोनवाल्यांची 17.5. पण ब्युप्रेनॉर्फिन मध्येच सोडणाऱ्या बायकाही जास्त होत्या, हे विसरून शिफारस करू नका.

आणि घाईने घरी पाठवू नका. पहिले दोन दिवस शांत गेले तरी मेथाडोन घेणाऱ्या आईचं बाळ 5 ते 7 दिवस नजरेखाली ठेवायचं.