कोंबडीचा जबडा, आपला कान

प्राणिशास्त्रात एमएस्सी करताना जीवाश्म म्हणजे भूशास्त्रवाल्यांचं खातं, असं मी धरून चालले होते. मग दहा दिवसांचं कोंबडीचं भ्रूण रंगवायला मिळालं आणि माझी दिशाच जीवाश्मांकडे वळली.

असं भ्रूण रंगवायचं तर अंडी हॅचरीतूनच आणा, दुकानातली फलित नसतात. अल्शियन ब्ल्यू या रंगाने कूर्चा (हाडाआधीची मऊ, लवचीक ऊती) निळी होते, ॲलिझरिन रेडने हाड लाल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडने मांस पारदर्शक. माझं पहिलं भ्रूण शनिवार-रविवार त्यातच विसरलं. सोमवारी बाटलीच्या तळाशी नुसते सुटे निळे तुकडे! दुसऱ्या खेपेला जबड्याचा सांधा दिसला: वर क्वाड्रेट नावाचं हाड, खाली आर्टिक्युलर.

हीच दोन हाडं उत्क्रांतीच्या ओघात आपल्या कानात ऐरण आणि हातोडी होऊन बसली आहेत. रायखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने डुकराच्या भ्रूणांवरून हे नातं 1837 मध्येच मांडलं, डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथाच्या 22 वर्षं आधी. पण जबड्याचा सांधा कानात जात असताना प्राणी खायचा कशाने? उत्तर दगडात मिळालं. वेल्समध्ये सापडलेल्या, सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गन्युकोडॉन या चिमुकल्या, सस्तनांसारख्या प्राण्याच्या जबड्यात जुना (क्वाड्रेट-आर्टिक्युलर) आणि आपल्यासारखा नवा असे दोन्ही सांधे शेजारी शेजारी आहेत. आणि ऑपॉसम या पिशवीवाल्या सस्तन प्राण्याच्या नवजात पिल्लाची हातोडी आजही जबड्याच्या कूर्चेला चिकटलेली असते; सुटते ती नंतर. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता या विषयात शिकायचं असेल तर व्यवहाराचं. आपल्याकडे पृष्ठवंशी जीवाश्मांचं काम बहुतेक भूशास्त्र विभागांत चालतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत (हो, सांख्यिकीच) त्याची मोठी परंपरा आहे. बारापासॉरस या डायनासोरचा सांगाडा तिथेच उभा आहे. तो ज्या कोटा नावाच्या खडकांच्या थरांतला, त्याच थरांत ज्युरासिक सस्तनांचे चिमुकले दातही मिळालेत, आणि ते थर आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंचाकडेही आहेत. म्हणून जीवशास्त्रवाल्यांनी थर वाचायला शिकावं, भूशास्त्रवाल्यांनी भ्रूण हाताळावं. जनुकांचं तंत्र प्रयोगशाळेत कुणीही शिकवेल. हाड ओळखायची नजर मात्र स्वतःच कमवावी लागते, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत नेमकी तीच तपासतात.

सुरुवातीला मायक्रोस्कोपही लागत नाही. मटणवाल्याकडून मुंडी आणा, उकडा, खालचा जबडा सोडवा: दर बाजूला एकच हाड. कोंबडीच्या जबड्यात तुकडे मोजा. मग मुंडीच्या कानाजवळची टणक गाठ सुईने हळूच कोरा. रिकीब, म्हणजे कानातलं तिसरं हाड, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते, तेव्हा खाली पांढरा नाही, काळा कागद अंथरा.